आधी गाव, मग नाव: उत्तर इंग्लंडमधल्या चर्चच्या वह्यांतून घराण्याचा माग कसा काढावा

सासूबाई गेल्यानंतर त्यांचं कपाट आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत काळ्या किनारीची दोन शोकपत्रं, एक रेशनबुक, दोन-तीन पिवळे पडलेले फोटो आणि एक छोटं पुस्तक होतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापील चिठ्ठी चिकटवलेली होती. टॉडमॉर्डनजवळच्या एका मेथडिस्ट चॅपलच्या रविवारच्या शाळेत वर्षभर न चुकता हजर राहिल्याबद्दल मिळालेलं ते बक्षीस होतं. खाली शाईने एका मुलीचं नाव लिहिलेलं. माझ्या लेकीने विचारलं, "आई, ही आपली कोण?" नवऱ्याला सांगता येईना. त्या प्रश्नापायी मी गेली चार वर्षं यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या जुन्या वह्या वाचते आहे.

इथल्या घरात सून किंवा जावई म्हणून आलेल्या, किंवा मुलांना दोन्हीकडचे पूर्वज दाखवायची इच्छा असलेल्या मराठी माणसांसाठी हे लिहिते आहे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्ये आडनाव आणि गाव विचारतात, नामावळी उघडतात आणि चार पिढ्यांची नावं वाचून दाखवतात. इथे तसं एका जागी काही मिळत नाही. पण चर्चच्या वह्या आहेत, आणि त्या थेट १५३८ पासून आहेत. त्यांच्याकडेही आधी गाव विचारलं जातं, हे मला उशिरा कळलं. तुम्हाला ते पहिल्याच दिवशी कळावं.

हाताशी काय हवं

- घरातले सगळे जुने कागद, फोटो (मागची बाजूसुद्धा बघा), बायबल, शोकपत्रं
- वही आणि पेन्सिल. रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे काउंटीच्या जुन्या कागदांच्या दफ्तरात, पेन चालत नाही
- फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाचं मोफत खातं. फ्रीबीएमडी (जन्म-विवाह-मृत्यूची सूची), फ्रीरेग (चर्चच्या वह्या) आणि फ्रीसेन (जनगणना) ही स्वयंसेवकांनी उभी केलेली संकेतस्थळंही मोफत आहेत
- गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड. बऱ्याच वाचनालयांत अ‍ॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट ही पूर्वज शोधायची पैसे लागणारी संकेतस्थळं तिथे बसून फुकट वापरता येतात. आधीच वर्षभराची वर्गणी भरू नका
- रेकॉर्ड ऑफिससाठी फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- जुने नकाशे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही सहा इंची ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे मोफत बघता येतात

१. घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा

संगणक उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे जा. सनावळी विचारू नका, ती कुणाच्याच लक्षात नसते. "तुमच्या आजीला कुठे पुरलं?" असं विचारा. "तिचं माहेरचं आडनाव काय?" आणि "तुम्ही चर्चचे की चॅपलचे?" हेही विचारा. हा शेवटचा प्रश्न उत्तर इंग्लंडमध्ये फार कामाचा आहे. या भागात निम्मीअर्धी गावं सरकारमान्य अँग्लिकन चर्चला न जाता आपापल्या चॅपलला जायची, आणि त्याची आठवण लोकांना अजून आहे. माझ्या नवऱ्याच्या मावशीने लगेच सांगितलं, "आपण चॅपलवाले." बक्षिसाच्या पुस्तकातली ती चिठ्ठी हेच सांगत होती, मला मात्र ती तेव्हा वाचता आली नव्हती.

जे ऐकाल ते कुणी सांगितलं आणि कधी, यासकट लिहून ठेवा.

२. १८३७ पर्यंत दाखल्यांच्या आधाराने मागे जा

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. या तारखेपर्यंत चर्चच्या वहीला हात लावायची घाई करू नका. एकेक पिढी दाखल्याने पक्की करत मागे जा.

जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर खातं काढलं की जन्म आणि मृत्यूची सूची मोफत शोधता येते. तिथल्या जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलेलं आहे, आणि त्यावरून भावंडं ओळखता येतात. फ्रीबीएमडीवर जी जुनी तिमाही सूची आहे तिच्यात हे आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून पुढेच सापडतं. म्हणून दोन्ही बघा. हवी ती नोंद सापडली की महागडा कागदी दाखला मागवू नका. जुन्या जन्म-मृत्यूंची डिजिटल प्रतिमा थोडक्या पौंडांत मिळते, आणि आपल्या कामाला ती पुरते. दलाली करणारी खासगी संकेतस्थळं हाच दाखला कितीतरी जास्त पैशांना विकतात, त्यांच्या नादी लागू नका.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. सूची तिमाहीनुसार लावलेली आहे आणि जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत असते. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. दुसरं, १८७५ च्या आधी नोंद न करणाऱ्या आईबापांना दंड नव्हता. त्यामुळे काही मुलं सूचीत नाहीतच. ती बाप्तिस्म्याच्या वहीत शोधायची.

विवाहाचा दाखला मात्र जरूर मिळवा. वधू आणि वर दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा त्यात असतो, म्हणजे एका कागदात दोन घराणी एक पिढी मागे सरकतात. आयांची नावं त्यात ४ मे २०२१ पासून यायला लागली. त्याआधीच्या जवळजवळ दोनशे वर्षांच्या दाखल्यांत आईला जागाच नव्हती, आणि तिला शोधायला वेगळी मेहनत घ्यावी लागते. ती घ्या. यॉर्कशायर बीएमडी आणि लँकेशायर बीएमडी या स्थानिक सूचींत लग्न कोणत्या चर्चमध्ये किंवा चॅपलमध्ये लागलं तेही बरेचदा दिलेलं असतं.

३. जनगणनेतून जन्मगाव काढा

जनगणना दर दहा वर्षांनी व्हायची आणि शंभर वर्षांनी खुली होते. १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ चे कागद १९४२ मधल्या आगीत जळाले आणि १९४१ ला युद्धामुळे गणना झालीच नाही. ही पोकळी भरायला सप्टेंबर १९३९ चं राष्ट्रीय रजिस्टर वापरा.

१८४१ च्या गणनेकडे जपून बघा. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत. चोपन्न वर्षांचा माणूस पन्नासाचा दिसतो. नातं लिहिलेलं नाही, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात "याच काउंटीत जन्मला का" एवढंच हो-नाही आहे. १८५१ पासून मात्र नातं आणि जन्माचं पॅरिश (एका मुख्य चर्चच्या हद्दीतला मुलूख) दोन्ही मिळतं. मला विचाराल तर १८५१ ची गणना ही या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोलाची पायरी आहे. १८३७ च्या आधी जन्मलेला माणूस तिथे आपल्या गावाचं नाव सांगतो.

एकाच माणसाची प्रत्येक जनगणना काढा, एकीवर थांबू नका. माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा विल्यम १८८१ मध्ये "टॉडमॉर्डन, यॉर्कशायर" असं जन्मस्थळ सांगतात. मी तेवढं धरून हॅलिफॅक्सच्या वह्या दोन महिने चाळल्या. मग एका संध्याकाळी १८५१ चं पान उघडलं. तिथे त्यांनी "टॉडमॉर्डन, लँकेशायर" सांगितलं होतं. हा फरक का पडला ते पुढच्या पायरीत आहे, आणि तीच पायरी सगळ्यात नीट वाचा.

४. नावाच्या मागे लागण्याआधी पॅरिश, चॅपलरी आणि टाउनशिप समजून घ्या

दक्षिण इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा एक खेडं, एक चर्च, एक पॅरिश असा सरळ हिशोब असतो. इंग्रजीतली बरीच मार्गदर्शक पुस्तकं तेच गृहीत धरतात. उत्तरेत तो हिशोब चालत नाही. डोंगराळ आणि पूर्वी विरळ वस्तीच्या या भागात एकेक पॅरिश आपल्या तालुक्याएवढं पसरलेलं असे. हॅलिफॅक्सचं जुनं पॅरिश इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या पॅरिशांपैकी एक. त्यात वीसेक टाउनशिप होत्या, आणि हॅलिफॅक्सच्या मुख्य चर्चखाली एलंड आणि हेप्टनस्टॉल इथे उपचर्चं होती. अशा उपचर्चच्या हद्दीला चॅपलरी म्हणतात. चॅपलवाल्यांच्या चॅपलशी तिचा संबंध नाही. लँकेशायरात व्हॉलीचं पॅरिश असंच अवाढव्य. आज मोठी शहरं असलेली बर्न्ली, कोल्न आणि क्लिदरो ही सगळी त्याच्या पोटातल्या चॅपलऱ्या होत्या.

टाउनशिप हा आणखी वेगळा प्रकार. गरिबांच्या मदतीचा कर गोळा करणं, रस्ते राखणं ही कामं ज्या पातळीवर चालायची ती टाउनशिप. जनगणनेत टाउनशिपचं नाव असेल, बाप्तिस्मा चॅपलरीत झालेला असेल आणि लग्न मुख्य चर्चमध्ये. तिन्ही नावं वेगळी, माणूस एकच.

आता टॉडमॉर्डन घ्या. लँकेशायर आणि यॉर्कशायरची सीमा या गावाच्या मधोमध जायची. तिथलं टाउन हॉल ओढ्यावर बांधलेलं आहे, आणि तो ओढाच सीमा होता. इमारतीच्या माथ्यावरच्या शिल्पात एका बाजूला लँकेशायरचा सुती धंदा कोरला आहे, दुसऱ्या बाजूला यॉर्कशायर. १८८८ मध्ये कायद्याने सगळं गाव यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे पश्चिम भागात, गेलं. १८८१ ला मात्र सीमा अजून गावातूनच जात होती, म्हणून त्या गणनेतलं "यॉर्कशायर" आणि १८५१ मधलं "लँकेशायर" यांचा मेळ गावाच्या जागेतच होता. चर्चच्या हिशोबाने तर आणखी गुंता आहे. ओढ्याच्या लँकेशायरकडच्या बाजूचं टॉडमॉर्डन-वॉल्सडेन हे रॉचडेल पॅरिशमध्ये, चेस्टरच्या बिशपच्या हाताखाली. यॉर्कशायरकडच्या लँगफिल्ड आणि स्टॅन्सफिल्ड या टाउनशिप हॅलिफॅक्स पॅरिशमध्ये, यॉर्कच्या आर्चबिशपच्या हाताखाली. पूल ओलांडला की कागदांचा रस्ता बदलतो. विल्यमचा बाप्तिस्मा रॉचडेलकडच्या बाजूच्या वहीत, तारखेसकट, शांतपणे बसलेला होता. मी ओढ्याच्या चुकीच्या काठावर शोधत होते.

सरावासाठी सगळ्यांच्या ओळखीचं घराणं घ्या. ब्रॉन्टे भगिनी या इंग्रजी कादंबरीकार म्हटल्या की हॉवर्थ आठवतं. त्यांचे वडील पॅट्रिक ब्रॉन्टे १८२० पासून १८६१ पर्यंत हॉवर्थच्या चर्चचे धर्मगुरू होते. पण त्यांच्या सहा मुलांपैकी एकही हॉवर्थमध्ये जन्मलेलं नाही. थोरल्या दोघी हार्ट्सहेडला जन्मल्या. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन थॉर्नटनला. हॉवर्थ आणि थॉर्नटन दोन्ही ब्रॅडफर्ड पॅरिशमधल्या चॅपलऱ्या. फक्त कुटुंबाच्या प्रसिद्ध गावात शोधणाऱ्याला शार्लटचा बाप्तिस्मा कधीच मिळाला नसता. आडनावाचंही तेच. आयर्लंडमध्ये ते ब्रंटी किंवा प्रंटी होतं, केंब्रिजच्या कॉलेजात १८०२ मध्ये प्रवेश घेताना वहीत ब्रँटी लिहिलं गेलं, नंतर ब्रॉन्टे झालं. शिकलेल्या माणसाच्या आडनावाची ही गत, तर सही न येणाऱ्या विणकऱ्याच्या आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावरच अवलंबून असणार.

तर करायचं काय? जनगणनेतलं ठिकाण जेनुकी या मोफत संकेतस्थळावर शोधा. तिथे ते कोणत्या टाउनशिपमध्ये, कोणत्या चॅपलरीत आणि कोणत्या पॅरिशमध्ये मोडतं ते कळतं. मग जुना नकाशा उघडून घराचं ठिकाण बघा आणि पाच मैलांच्या आतली सगळी चर्चं आणि चॅपलं वहीत लिहा. माणसं चालत जायची. डोंगरापलीकडच्या पॅरिशच्या चर्चपेक्षा उतारावरचं शेजारच्या पॅरिशचं चर्च जवळ असेल तर तिथेच गेली असणार.

५. चर्चची वही वाचायला शिका

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम काढला. हॅलिफॅक्सच्या वह्या त्याच सालापासून आहेत, पण सगळीकडे इतक्या जुन्या टिकलेल्या नाहीत. १५९८ पासून प्रत्येक चर्चने वर्षाच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची प्रथा पडली. मूळ वही ओलीने गेली, उंदरांनी खाल्ली, तर या नकलेत नोंद सापडू शकते. दोन्ही असतील तर दोन्ही बघा, कारण नक्कल करताना कधी आडनाव बदलतं, तर कधी एखादा शब्द जास्त लिहिला जातो. १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि राजाविना गेलेल्या वर्षांत नोंदी तुटक आहेत. तिथे धागा तुटला तर निराश होऊ नका.

कोणत्या काळात वहीत काय मिळेल हे लक्षात ठेवलं की पुष्कळ वेळ वाचतो. जुन्या नोंदी एका ओळीच्या असतात: "जॉन, थॉमसचा मुलगा" आणि तारीख. आईचं नावही नसतं. २५ मार्च १७५४ पासून लग्नांसाठी छापील नमुना आला आणि वधूवर, साक्षीदार सह्या करू लागले. १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफनासाठी छापील वह्या आल्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा, दफनाच्या नोंदीत राहण्याचं ठिकाण आणि वय.

उत्तर इंग्लंडला इथे एक मोठं दान मिळालेलं आहे. १७७० च्या दशकात यॉर्कमधल्या विल्यम डेड नावाच्या धर्मगुरूने आपल्या वह्यांत सविस्तर रकाने पाडले. हे मूल कितवं, आईचं माहेरचं आडनाव काय, दोन्हीकडचे आजोबा कोण आणि कुठले, दफन असेल तर मृत्यूचं कारण काय. १७७७ मध्ये यॉर्कचे आर्चबिशप विल्यम मार्कम यांनी ही पद्धत सगळ्या धर्मप्रांतात सुरू करायला सांगितली. सगळ्यांनी ती पाळली नाही, मोठ्या वस्तीच्या पॅरिशमध्ये एवढं लिहिणं जड जायचं. पण जिथे पाळली तिथे एका नोंदीत तीन पिढ्या मिळतात. डरहॅमचे बिशप शूट बॅरिंग्टन यांनी १७९८ पासून अशीच सविस्तर नोंद आपल्या प्रांतात सुरू केली. १८१३ च्या छापील वह्यांनी दोन्ही पद्धती बंद पडल्या. तुमचं पॅरिश यॉर्क किंवा डरहॅमच्या प्रांतात असेल तर या वर्षांतल्या नोंदींची फक्त टंकलिखित सूची वाचून थांबू नका, मूळ पानाचा फोटो मिळवा. सूचीत आजोबा गाळलेले असतात.

आता तारखांचा गोंधळ. आपलं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, तसं इंग्लंडचं वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला बदलायचं. वहीत "१० फेब्रुवारी १७२०" असेल तर तो आजच्या हिशोबाने १७२१ चा फेब्रुवारी. मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसलं तर आधी हे तपासा. नोंद उतरवताना १७२०/२१ असं दोन्ही लिहा. १७५२ मध्ये दिनदर्शिकाही सुधारली. २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला.

महिन्यांची आणखी एक खोड आहे. सातचा आकडा आणि पुढे "बर" असं लिहिलेलं दिसलं तर तो जुलै नाही, सप्टेंबर. आठाचा ऑक्टोबर, रोमन दहाचा डिसेंबर. लॅटिनमध्ये सप्तम, अष्टम आणि दशम. संस्कृतातले आकडे माहीत असलेल्या मराठी माणसाला हे इंग्रजांपेक्षा लवकर कळतं.

लॅटिन नोंदीत गुलिएल्मस म्हणजे विल्यम आणि याकोबस म्हणजे बहुतेक वेळा जेम्स, जेकब नव्हे. धंद्यांतही फसगत होते. "डेल्व्हर" म्हणजे खाणीत दगड काढणारा. "बॅजर" म्हणजे धान्य घेऊन फिरणारा व्यापारी. वेस्ट रायडिंगमधला "क्लोदिअर" बहुतेक वेळा घरच्या मागावर लोकरीचं कापड विणून बाजारात नेणारा लहान माणूस असतो, त्याला कापडाचा शेठ समजू नका.

विल्यमच्या आईबापांच्या लग्नाचं पान मी पहिल्यांदा पडद्यावर मोठं करून बघितलं तो दिवस मला आठवतो. त्याच्या बापाच्या नावापुढे फुलीची खूण आहे, दोन आडव्यातिडव्या रेघा, दुसऱ्या रेघेशी टाक अडखळून शाईचा ठिपका पडलेला. आईने मात्र सही केली आहे. अक्षरं सुटी, मोठी, शेवटचं अक्षर रेघेखाली उतरलेलं. रविवारच्या शाळेत शिकली असावी. मुलीला मी ते पान छापून दिलं.

साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या, त्यांत भाऊबहिणी सापडतात. पण मागची-पुढची दहा पानं उलटून बघा. एकच नाव प्रत्येक लग्नाला साक्षीदार असेल तर तो चर्चचा नोकर, तुमचा नातेवाईक नव्हे.

६. चॅपलवाल्यांचा रस्ता वेगळा

मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट आणि क्वेकर हे पंथ या खोऱ्यांत खोल रुजलेले. १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायद्याने अँग्लिकन चर्चमध्येच लग्न करावं लागे. कॅथलिकांनासुद्धा. म्हणून लग्न पॅरिशच्या वहीत मिळतं आणि मुलं मिळत नाहीत, कारण त्यांचे बाप्तिस्मे चॅपलच्या वहीत. विल्यमचा बाप्तिस्मा चर्चमध्ये झाला होता, पण त्याच्या पाठच्या तीन भावंडांचे चॅपलमध्ये. ती तीन मुलं मला वर्षभर माहीतच नव्हती.

१८३७ नंतर अशा बऱ्याच वह्या सरकारने मागवून घेतल्या. त्या आता लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आरजी ४ या मालिकेत आहेत, आणि पैसे भरून चालणाऱ्या संकेतस्थळांवर दिसतात. क्वेकरांच्या आरजी ६ मध्ये. क्वेकर महिन्यांची नावं न लिहिता आकडे लिहीत, आणि १७५२ पूर्वी त्यांचा "पहिला महिना" मार्च होता. लँकेशायरमध्ये कॅथलिक घराणी सगळ्या छळातून टिकून राहिली. त्यांच्या लॅटिन वह्यांतल्या पुष्कळ नोंदी लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात, अँग्लिकन नोंदींबरोबरच.

लग्नच सापडत नसेल आणि घर मँचेस्टरच्या आसपास असेल तर मँचेस्टरच्या मुख्य चर्चची वही बघा. आज ते कॅथेड्रल आहे. भोवतालच्या मोठ्या मुलखाचं ते पॅरिश चर्च होतं आणि सणाच्या दिवशी तिथे एका वेळी कितीतरी जोडप्यांची लग्नं लागायची.

७. रेकॉर्ड ऑफिसात जाताना

चर्चचं दार ठोठावून जुनी वही मागू नका. १९७८ च्या नियमामुळे शंभर वर्षांहून जुन्या वह्या साधारणपणे काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात जमा झालेल्या आहेत. वेस्ट यॉर्कशायरसाठी वेकफिल्डचं केंद्र आणि लीड्स, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हडर्सफिल्ड इथल्या शाखा. लँकेशायरसाठी प्रेस्टन. यॉर्कच्या धर्मप्रांताच्या नकला आणि मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठातल्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये. कम्ब्रियात कार्लाइल, केंडल, व्हाइटहेवन आणि बॅरो.

आधी ईमेल करा. सगळी ऑफिसं रोज उघडी नसतात, जागा राखून ठेवावी लागते आणि मूळ वहीऐवजी बहुतेक वेळा फिल्म किंवा डिजिटल प्रत दिली जाते. ईमेलमध्ये माणसाचं नाव सांगत बसू नका. पॅरिश, नोंदीचा प्रकार आणि वर्षं सांगा: "हेप्टनस्टॉल, दफनं, १७८० ते १८१२." असा नेमका प्रश्न आला की तिथली माणसं मनापासून मदत करतात.

दप्तर लॉकरमध्ये ठेवावं लागतं. फोटो काढायला परवाना घ्यावा लागतो, त्याचे पैसे पडतात. प्रत्येक फोटोआधी वहीच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा फोटो काढा. हे मी पहिल्या भेटीत केलं नाही, आणि घरी आल्यावर साठ पानांपैकी कोणतं पान कोणत्या वहीतलं ते लावता येईना. पुन्हा जावं लागलं.

८. माणूस सापडला की त्याचं दफन शोधा

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक ही: नाव जुळलं, साल जवळपास जुळलं, माणूस आपला म्हणून लिहून टाकला. या खोऱ्यांत ग्रीनवुड, सटक्लिफ, क्रॅबट्री ही आडनावं पावलोपावली. त्यात पुरुषांची नावं जॉन, विल्यम, जेम्स, थॉमस अशी मोजकी. आपल्याकडे गावात निम्मे पाटील असले की "रामाच्या गणप्याचा शिरपा" म्हणून ओळख सांगतात. इथेही तेच चालायचं: "टॉमच्या बिलचा जॉन" अशी तीन पिढ्यांची ओळख लोकांच्या तोंडी असे. वहीत मात्र नुसता जॉन.

विल्यमच्या आजोबांसाठी मला एकाच दशकात, दोन मैलांच्या आत, एकाच नावाच्या बापाची दोन मुलं मिळाली. मी एक निवडलं आणि त्याच्यावरून आणखी दोन पिढ्या मागे गेले. कितीतरी महिन्यांनी दफनाची वही वाचताना त्याच मुलाचं नाव दिसलं. चौथ्या वर्षी गेलेला. माझ्या वहीतली त्यापुढची सगळी पानं दुसऱ्याच कुटुंबाची होती. ती मी काढून ठेवली.

म्हणून बाप्तिस्मा सापडला की लगेच त्या नावाचं दफन पुढच्या पंधरा-वीस वर्षांत शोधा. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती, तेव्हा एकाच घरात दोन विल्यम दिसले तर पहिल्याचं दफन बहुधा मधे असतंच. शक्य तितके सगळे स्पर्धक अशा रीतीने बाजूला काढा, मग जो उरेल त्याचा धंदा, वस्ती आणि भावंडांची नावं जुळवा. संकेतस्थळांवर लोकांनी चढवलेले तयार वंशवृक्ष इशारा म्हणून वाचा, पुरावा म्हणून कधीही नाही. एकाची चूक शंभरांनी उतरवलेली असते. आणि हयात माणसांची नावं, जन्मतारखा स्वतःच्या वृक्षात उघड ठेवू नका.

९. मृत्युपत्रं

१२ जानेवारी १८५८ नंतरची मृत्युपत्रं सरकारी सूचीत शोधून ऑनलाइन मागवता येतात. त्याआधी हे काम चर्चच्या न्यायालयांकडे होतं. यॉर्कची बॉर्थविकमध्ये, डरहॅमची डरहॅम विद्यापीठात. गरीब विणकऱ्यांनी मृत्युपत्रं क्वचितच केली, पण निःसंतान काका किंवा विधवा मावशी शोधा. ती सगळ्या भाच्यांची नावं घेतात. जमिनीचा तुकडा असेल तर वेस्ट रायडिंगची वेकफिल्डमधली दस्तनोंदणी १७०४ पासून आहे.

१०. शेवटी दफनभूमीत जा

हिवाळ्यात जा, गवत आणि काटेरी वेली तेव्हा बसलेल्या असतात. दगडाला ब्रश, खडू, पाणी काही लावू नका. टॉर्च दगडाच्या कडेने तिरपी धरा, पुसट अक्षरं सावलीने उठून दिसतात. जाण्याआधी स्थानिक फॅमिली हिस्टरी सोसायटीकडे विचारा. बऱ्याच दफनभूमींतले शिलालेख त्यांनी दगड शाबूत असताना उतरवून ठेवले आहेत. हेप्टनस्टॉलला गेलात तर पायाखाली बघून चाला, तिथे दगड फरशीसारखे आडवे पसरलेले आहेत आणि एकेका दगडावर तीन-तीन पिढ्या आहेत.

आणि दगडावर कोरलं म्हणजे खरं, असं धरू नका. अ‍ॅन ब्रॉन्टे १७ जानेवारी १८२० ला जन्मली आणि २८ मे १८४९ ला स्कारबरोला गेली, म्हणजे एकोणतीस वर्षांची असताना. तिच्या थडग्यावर वय २८ कोरलं गेलं. चूक सांगणारी पाटी शेजारी बसवायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. दगडाचा फोटो काढलात की घरी येऊन त्याच माणसाची दफनाची नोंद आणि मृत्यूचा दाखला काढा, आणि तिन्हींतली वयं वहीत शेजारी शेजारी लिहा.